नवव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या कचेरीत बसायला जवळजवळ सगळ्यांनाच काही ना काही होतं. जज्जसाहेबांना उंचावर खुर्ची, शिरस्तेदारांना त्याखाली खुर्ची, वकिलांना बाकं, आणि मला, म्हणजे नकलनवीस राजाभाऊ सोहनीला, मागच्या खोलीत खिडकीपाशी एक स्टूल. त्याचा एक पाय मी नोकरीला लागण्याआधीपासून आखूड होता. उभे राहणारे चारच. आरोपी, साक्षीदार, दारावरचा पट्टेवाला दादू आणि दुभाषी गोपाळकृष्णपंत बेहेरे. पहिल्या तिघांचं उभं राहणं समजण्यासारखं होतं. चौथ्याचं मात्र कुणालाच समजत नव्हतं. साक्षीदार उभ्यानं बोलतो, तेव्हा त्याचं बोलणं सांगणाऱ्यानंही उभ्यानंच सांगायचं, असा रिवाज पडला होता. तो कुणी पाडला हे विचारणारा माणूस आम्हाला आगाऊ वाटला असता, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

गोपाळकृष्णपंत अंगानं काटकुळे, काळा कोट, लाल पगडी, आवाज मऊ. साक्षीदार मराठीत बोलला की त्यांनी ते साहेबांना इंग्रजीत सांगायचं, आणि साहेबांचा इंग्रजी प्रश्न साक्षीदाराला मराठीत. कोर्ट उठलं की ज्या खटल्यांची अपिलं मुंबईला जात, त्यांच्या जबान्या, पंचनामे, मोडीतले दस्त, सगळं इंग्रजीत उतरवायचं. साहेब मराठीची परीक्षा पास झाले होते, नाही असं नाही. पुस्तकातली मराठी त्यांना कळे. पण पुस्तकासारखं बोलणारा साक्षीदार एकच असतो, वकिलानं पढवून आणलेला. बाकीच्यांसाठी गोपाळकृष्णपंत.

दुभाष्यानं साक्षीदाराच्या जागी होऊन बोलायचं असतं. ‘हा म्हणतो की याने पाहिले’ असं नाही, सरळ ‘मी पाहिले’. त्यामुळे एकवीस वर्षांत गोपाळकृष्णपंतांनी कितीतरी खून, दरोडे आणि मारामाऱ्या भर कोर्टात स्वतःच्या तोंडानं कबूल केल्या होत्या. प्रत्यक्षात हा माणूस पायाखाली मुंगी आली तर वाट बदलणारा.

त्यांचं काम काय प्रतीचं होतं हे कळायला अलोऱ्याच्या जनीची साक्ष सांगतो. जनीचा मुलगा रघू, दोन पोरांचा बाप, याच्यावर शेजारच्या वाडीतली भाताच्या पेंढ्यांची उडवी पेटवल्याचा आरोप होता. म्हातारी साक्षीला उभी राहिली आणि एकदा जी सुरू झाली ती थांबेच ना. “त्या सांच्याला रघून दोन भाकऱ्या खाल्लान. पिठल्याला मीट नव्हता. मी म्हटला, जा तुळसाकडं, चिमटीभर मीट मागून आन. गेला तो थयंच बोलत बसला मेला, पिठला माजा गार झाला.” शिरस्तेदारांनी खालून कुजबुजत सांगितलं, “पंत, म्हातारीचं पाल्हाळ गाळा, जेवायची वेळ झाली.” गोपाळकृष्णपंतांनी ऐकलं न ऐकलं केलं. दोन भाकऱ्या सांगितल्या, पिठलं सांगितलं, मीठ सांगितलं, गार झाल्याचंही सांगितलं. मिठाचं नाव काढताच साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी तुळसाला बोलावणं धाडलं. तुळसानं सांगितलं की रघू मीठ घेऊन दारात उभा असतानाच पलीकडच्या वाडीवर उजेड दिसला आणि ती त्याला म्हणाली की बघ, काय पेटलं. रघू सुटला. बाहेर आल्यावर जनी गोपाळकृष्णपंतांच्या पाया पडायला वाकली. “माजा बोलना जसाच्या तसा नेलात वो. येक कन सांडलात नाय.” पंत मागे सरकून “हां, हां” करत राहिले आणि लगबगीनं पुढच्या साक्षीदारापाशी जाऊन उभे राहिले.

माझं सांगायचं तर, मला तेव्हा त्यांची थोडी चीडच यायची. माणसानं इतकं चांगलं काम करावं आणि चारचौघात त्याची बढाई मारू नये, हे मला आजही पटत नाही.

ही गोष्ट आहे १९२८ची. दिवाळीची सुट्टी संपून कचेरी उघडली आणि मुंबईहून एक छापील पत्रक आलं. ‘मुंबई इलाखा दुभाषी व भाषांतरकार संघ’ नावाची संस्था नवीनच निघाली होती. तिचे चिटणीस महिपतराव सुर्वे, स्वतः मुंबईच्या एका कोर्टात भाषांतरकार. सरकारी दुभाष्यांच्या कामाची स्थिती काय आहे, त्यांना काय हवं आहे, याचा विचार सगळ्यांना विचारून करावा म्हणून त्यांनी इंग्रजीत अकरा प्रश्न काढून जिल्ह्याजिल्ह्याला पाठवले होते.

गोपाळकृष्णपंतांनी पत्रक वाचलं, चष्मा पुसला आणि त्याचं भाषांतर करायला घेतलं.

हसू नका. ज्याच्या टेबलावर एकवीस वर्षं इंग्रजी कागद फक्त मराठी व्हायला आणि मराठी कागद फक्त इंग्रजी व्हायला येतो, त्याला एखादा कागद उत्तरासाठीही येऊ शकतो हे सुचावं कसं? अकराही प्रश्न त्यांनी सुरेख मराठीत उतरवले. ‘आपणांस बसावयास व उजेडास योग्य सोय आहे काय?’ अशी घाटदार वाक्यं. मसुदा झाडगावात घरी नेला, एकदा नजरेखालून घालायला, आणि झोपाळ्यावर ठेवून ते आंघोळीला गेले.

तो मसुदा गोदूवहिनींच्या हाती पडला. गोदूवहिनी म्हणजे त्यांची बायको, मालगुंडच्या आंबेवाल्यांची मुलगी. मुलगी मालिनी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्याच पाटीवर या वाचायला-लिहायला शिकल्या. मालिनी सासरी गेली, पण वाचायची खोड राहिली. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसत. त्यांनी अकरा प्रश्न वाचले आणि नवरा पंचा गुंडाळून बाहेर आल्यावर विचारलं, “अहो, यांना काय उत्तर देणार?”

“उत्तर? मला कुणी विचारलेलं नाही. मी भाषांतर केलंय.”

“अगो बाई! मग विचारलंय कुणाला?”

“ते त्यांचं त्यांना ठाऊक,” असं म्हणून ते संध्येला बसले.

गोदूवहिनींनी विचार केला. कुणीतरी एवढ्या आदबीनं विचारतंय, आणि घरातून कुणीच उत्तर देऊ नये हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी दौत-टाक घेतला आणि मसुद्याच्या पाठीमागं, एकेका प्रश्नाचा आकडा घालून, अकरा उत्तरं लिहून काढली. मनात आलं ते लिहिलं, घडी घातली आणि मसुदा होता तिथं ठेवून त्या चुलीकडे वळल्या. कुठं पाठवायचा त्यांचा बेत नव्हता, हे त्या आजही शपथेवर सांगतील.

दुसऱ्या दिवशी गोपाळकृष्णपंतांनी तो न उलगडताच माझ्यापुढं ठेवला. “राजाभाऊ, याची स्वच्छ प्रत करून मुंबईला धाडा.”

आता माझी बाजू ऐका. नकलनवीसानं जे आहे ते उतरवायचं असतं. चूक असेल तर चुकीसकट, आणि मागं लिहिलेलं असेल तर मागचंही. उतरवताना अर्थ डोक्यात येऊ द्यायचा नसतो. येऊ दिला की हात अडखळतो, डाग पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. मी पुढचं उतरवलं, मागचं उतरवलं, सवयीनं खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारला, ती प्रत सही घ्यायला शिरस्तेदारांपुढं ठेवली. त्यांनी न वाचता सही केली. हाही आमच्याकडचा रिवाजच. टपाल बोटीनं गेलं आणि मी ते विसरून गेलो.

फेब्रुवारीत एक जाड लिफाफा साहेबांच्या नावानं आला. सुर्व्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं की, सतरा ठिकाणी पत्रकं पाठवली, त्यातली सोळा भाषांतर होऊन परत आली. उत्तरं फक्त आपल्या कचेरीनं दिली, तीही शिक्क्यानिशी आणि इतकी मोकळी, याबद्दल संघ आपला ऋणी आहे. सोबत ती नक्कल. साहेबांनी तिच्या दोन ओळी वाचून पाहिल्या, काही लागेना, तेव्हा वर लिहिलं, ‘भाषांतर करून गुरुवारी सादर करावे.’

शिरस्तेदार तो कागद गोपाळकृष्णपंतांच्या टेबलावर ठेवताना नको इतके गोड हसले. त्यांनी तो तोवर वाचला होता, फक्त शेवटच्या पानावरची सही सोडून. “पंत, हे कुणाचं चातुर्य ते साहेबांना कळेलच. सरकारी नोकरानं बाहेरच्या संस्थेपुढं तक्रारी मांडायच्या, याला नियमात काय शिक्षा आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.”

ते गेल्यावर गोपाळकृष्णपंत वाचू लागले. मी खिडकीतून बघत होतो. ते एक पान वाचत, मग चष्मा काढत, मग तेच पान पुन्हा वाचत. शेवटी उठून माझ्याकडे आले आणि कागद माझ्यापुढं धरला. अक्षर माझं होतं. सबंध कचेरी ते ओळखते. तेव्हा कुठं मी पहिल्यांदा अर्थ लावून वाचलं आणि मला घाम फुटला. त्यातली काही उत्तरं मला आजही पाठ आहेत.

‘१. कामाचे तास : अकराला जातात, दिवेलागणीला येतात. पण काम संपत नाही. परवा पानावर विचारलं, भात वाढू का? तर म्हणाले, साक्षीदारास आठवत नाही.’

‘२. बसायची सोय : साक्षीदार उभा म्हणून हे उभे. साक्षीदार बदलतात, हे बदलत नाहीत. संध्याकाळी पाय ऊन पाण्यात घालतात तेव्हा घोटे दिसत नाहीत इतके सुजलेले असतात. विचारलं तर म्हणतात, चाललो जरा जास्त.’

‘३. भाषा किती येतात : इंग्रजी, मराठी, मोडी, दाल्द्यांची, खारव्यांची, कुणब्यांची, देशावरची. घरात एकच, हूं.’

‘४. सुट्टी : मे महिन्यात कोर्ट बंद असतं. साहेब थंड हवेला, वकील आपल्या बागेत, आरोपीसुद्धा जामिनावर घरी. हे अपिलांचे गठ्ठे घेऊन माजघरात. नऊ वर्षं झाली, माझ्या माहेरी मालगुंडला आंबा पिकतो, यांनी झाडावरचा एक पाहिला नाही. मी एकटी जाते. आई विचारते, जावई रागावलेत का?’

‘५. कामाचा मनावर परिणाम : खुनाच्या खटल्यात दिवसभर, मी कोयत्याने मारले, असं यांना म्हणावं लागतं. त्या दिवशी घरी येऊन पायरीवरच बसतात. मी काही विचारत नाही. ताक नेऊन देते.’

नववा प्रश्न होता, आपण आपल्या कामात समाधानी आहात काय? तिथं लिहिलं होतं, ‘हे त्यांनाच विचारा. मी एकवीस वर्षांत विचारलं नाही.’ आणि अकराव्यापुढं, आणखी काही सांगावयाचे आहे काय, याला उत्तर होतं, ‘माणूस दिवसभर तुमचा. संध्याकाळी नीट परत करावा.’

“पंत,” मी म्हटलं, “माझ्या हातून घात झाला. पण अजून वेळ गेलेली नाही. इंग्रजीत करताना जरा सौम्य करा. ‘उत्तम सोय आहे, आभारी आहे’ असं लिहा. साहेबाला कुठं ही घरगुती मराठी कळतेय?”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखे. “राजाभाऊ, एकवीस वर्षं मी दरोडेखोराचं वाक्य सौम्य केलं नाही. बायकोचं करू?”

“नोकरी जाईल हो! तुमची आणि माझीही!”

“तुमची नाही जाणार. तुम्ही आहे ते उतरवलंत. मीही तेच करणार.”

मला राहवेना. संध्याकाळी मी त्यांच्यामागोमाग झाडगावात गेलो, गोदूवहिनींकडून काही मार्ग निघेल या आशेनं. वहिनींना कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. “अगो बाई! साहेबाकडं? मेलं मी ते कुणाला दाखवायला का लिहिलं होतं!” मग नवऱ्याकडं वळल्या. “फाडून टाका. म्हणावं, बाईमाणूस, अक्कल नाही.”

“असं कागदात लिहिलेलं नाही,” गोपाळकृष्णपंत म्हणाले. ते झोपाळ्यावर बसून लिहीत होते आणि मधेमधे वहिनींना विचारत होते, अगदी कोर्टात विचारतात तसं. “हे ‘चाललो जरा जास्त’ मी म्हटलेलं का?”

“म्हणजे काय! दर आठवड्याला.”

“आणि ‘नीट परत करावा’ म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुला?”

गोदूवहिनी पदराशी चाळा करू लागल्या. “तुम्हाला कळलं नाही होय?”

“मला कळलं. साहेबाला कळायला हवं.”

त्यावर वहिनी आत निघून गेल्या आणि मला ताक आणून दिलं. पंतांना मात्र दिलं नाही. मला एकाएकी वाटलं की आपण इथं नसावं. मी ताक घटाघट प्यायलो आणि निघालो. वाटेत नोकरीची धास्ती होतीच, पण त्याहून जास्त वाटत होतं ते दुसरंच. या माणसासारखं खरं वागायची संधी मला कधी आली नाही, आणि आली असती तर मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

गुरुवारी आम्हा तिघांना साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. साहेब भाषांतर वाचत होते. वाचता वाचता एकदा त्यांची मिशी हलली, ते ‘साक्षीदारास आठवत नाही’पाशी असावं. पाचव्या उत्तरापाशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी वर पाहिलं.

“ही उत्तरं कुणाची?”

“माझ्या पत्नीची, साहेब.”

“आणि भाषांतर तुमचं. काही गाळलंय?”

“एक शब्द नाही.”

“काही वाढवलंय?”

“नाही.”

शिरस्तेदारांना आता दम निघेना. “साहेब, सरकारी नोकराच्या घरून असा कागद बाहेर जाणं म्हणजे शिस्तीचा भंग आहे. ज्यांच्या ज्यांच्या हातून हा कागद गेला, त्या सर्वांना...”

“सर्वांना,” साहेब म्हणाले आणि त्यांनी मूळ नकलेचं शेवटचं पान उलटून शिरस्तेदारांपुढं सरकवलं. “ही सही कुणाची आहे?”

शिरस्तेदारांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा पाहून मला जे सुख झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो, फार सुख झालं.

साहेब मग गोपाळकृष्णपंतांना म्हणाले, “दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर उभे आहात. मला वाटलं, तुम्हाला तसंच आवडत असेल. मी विचारायला हवं होतं.” आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “नवव्या प्रश्नाला साक्षीदार म्हणते, त्यांनाच विचारा. म्हणून मी विचारतो. आपण आपल्या कामात समाधानी आहात काय?”

गोपाळकृष्णपंतांनी डावीकडं पाहिलं. कोर्टात साक्षीदार त्यांच्या डावीकडं असतो. प्रश्न आला की आधी तिकडं बघायचं, तो काय म्हणतो ते ऐकायचं, मग बोलायचं. एकवीस वर्षांची मान ती, आपोआप वळली. डावीकडं कुणी नव्हतं, नुसतं पुस्तकांचं कपाट. ते दोन क्षण त्या कपाटाकडं बघत राहिले.

“साहेब,” शेवटी ते म्हणाले, “हा प्रश्न तिनं मला कधी विचारला नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. उत्तर पहिल्यांदा तिला मिळावं हे रास्त. कोर्टापुढं मी ते मागाहून सादर करीन.”

“केव्हा?”

“सवड मिळेल तेव्हा.”

साहेबांनी पानं मागं उलटून चौथं उत्तर पुन्हा वाचलं. “मग मे महिन्यात, मालगुंडला. यापुढं सुट्टीत अपिलाचा एकही गठ्ठा घरी जाणार नाही. ते काम कचेरीत, कचेरीच्या वेळात होईल. शिरस्तेदार, तशी व्यवस्था करा. आणि कोर्टात यांना खुर्ची द्या.”

बाहेर आल्यावर मी कोपऱ्यात जाऊन दादू पट्टेवाल्याला मिठीच मारली. तो म्हणाला, “अवो, काय झाला काय?” मला सांगता येईना. हसू आवरत नव्हतं.

खुर्चीचं मात्र वेगळंच झालं. पहिल्याच दिवशी भागोजी नावाचा एक म्हातारा साक्षीदार आला, त्यानं खुर्चीतल्या गोपाळकृष्णपंतांनाच साहेब समजून लवून मुजरा केला आणि साहेबांकडं पाठ करून साक्ष द्यायला लागला. त्यावर पंतांनी साहेबांना विनंती केली की साक्षीदार उभा असताना मला बसून ‘मी’ म्हणता येत नाही, थकल्याभागल्या साक्षीदारालाही बसू द्यावं. साहेबांनी हो म्हटलं. साक्षीदारासाठी स्टूल कुठून आणायचं हा प्रश्न आला तेव्हा माझं नेलं. मी आठवडाभर पेटीवर बसून नकला केल्या. आखूड पायाखाली दादूनं नारळाची करवंटी लावली होती.

मार्चच्या शेवटी महिपतराव सुर्वे स्वतः बोटीनं आले. बंदरावर छोट्या पडावातून उतरले ते थेट झाडगावात. गोरे, ठेंगणे, कोट भिजलेला, बोलणं चिपळूणकडचं. गोपाळकृष्णपंत कचेरीत होते, मी नुकताच काही कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. गोदूवहिनी अंगणात कोहळ्याचे सांडगे घालत होत्या. सुर्व्यांनी ओटीवर बसून आधी माफी मागितली. “शिक्का बघितला नि मला वाटला, कचेरीनंच लिहिलानी. तुमच्यावर बालंट आणलंव.”

“बालंट कसलं, भावोजी! आमच्याकडं खुर्ची आली.”

“वहिनी, संघाची सभा भरायची हाय. सोळा जागची माणसं काय मागतात ते कळल्याबिगर सरकारापुढं जायचं कसं? नवीन पत्रक काढतोय. तुमीच सांगा, काय विचारू?”

सांडगा थापता थापता वहिनी म्हणाल्या, “विचारायचं ते विचारा. पण त्यांना नका पाठवू. ते मेले भाषांतर करत बसतील. घरी पाठवा. आणि मराठीत पाठवा, म्हणजे यांना हात लावायला काही उरणार नाही.”

सुर्वे खो खो हसले, मग एकदम गंभीर झाले आणि खिशातून वही काढून हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. नवं पत्रक खरोखर तसंच निघालं. सोळा घरांतून चौदा उत्तरं आली, असं त्यांनी पुढं कळवलं. बेळगावच्या एका दुभाष्याच्या आईनं तर बावीस पानं लिहिली होती.

मे महिन्यात गोपाळकृष्णपंत मालगुंडला गेले. मी निरोप द्यायला गाडीपाशी गेलो होतो. बैलगाडीत गठ्ठा नव्हता. त्यांना हात कुठं ठेवावे कळत नव्हतं, म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या मांडीवर धरला होता. गोदूवहिनी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

सुट्टी संपून कचेरी उघडली त्या दिवशी गोपाळकृष्णपंत उन्हानं रापलेले आले. त्यांनी माझ्यापुढं एक कागद ठेवला, स्वतःच्या हस्ताक्षरात, मराठीत. “राजाभाऊ, कोर्टापुढं सादर करायचंय. एक प्रत काढा.”

मी टाक बुडवला आणि ठरवलं की या खेपेला अर्थ डोक्यात येऊ द्यायचा.

‘प्रश्न नववा. उत्तर : आहे. अलोऱ्याच्या जनीचं मीठ ज्या दिवशी कोर्टापुढं पोचवलं, त्या दिवशी घरी येताना वाटभर मला मोठ्यानं बोलावंसं वाटत होतं. बोललो नाही. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बोलून घरी आलो की स्वतःचे सापडायला वेळ लागतो, तोवर पानं वाढून होतात, जेवून होतं, आणि गोष्ट राहून जाते. अशा एकवीस वर्षांच्या गोष्टी राहिल्या होत्या. त्या मालगुंडला सांगितल्या. हे काम मला आवडतं. ते ज्या माणसामुळं मी इतकी वर्षं करू शकलो, तिला हे ठाऊक नव्हतं, एवढी एकच उणीव होती. ती दूर झाली.’

इथं माझा हात अडखळला आणि कागदावर चांगला पैशाएवढा डाग पडला. दुसरा कागद घेतला, पहिल्यापासून लिहिलं. संपल्यावर मूळ कागद परत द्यायला उचलला आणि सवयीप्रमाणं उलटून पाहिला. मागं गोदूवहिनींच्या अक्षरात दोन ओळी होत्या.

‘वरील उत्तर माझ्यासमक्ष दिले. अजून बोलतच आहेत.’

त्याही मी उतरवल्या आणि खाली शिक्का मारला, खरी नक्कल.